'दि इनर लाइट' एकत्र पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेच्या पाचव्या पर्वातला हा पंचविसावा भाग, जून १९९२ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. पुण्यात आजही कुणाच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या खोलीत किंवा हॉस्टेलवर आठ-दहा जण जमून तो पाहतात, आणि दर वेळी जवळपास तेच प्रश्न पुढे येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पहिल्या टप्प्यात कथानक फोडलेलं नाही. 'पाहून झाल्यावर' या ओळीच्या पुढे मात्र सगळं उघड आहे. भाग पाहिला नसेल तर तिथे थांबा.

पाहण्याआधी

मालिकेतलं आधी काहीच पाहिलेलं नाही. कळेल का?

कळेल. तीन गोष्टी माहीत असल्या की पुरे. पिकार्ड हा एंटरप्राइज या यानाचा कप्तान आहे, एकटा आहे, काम हेच त्याचं आयुष्य आहे. रायकर त्याचा उजवा हात. डॉ. क्रशर यानावरच्या डॉक्टर. यापेक्षा जास्त सांगू नका. मालिका कोळून प्यायलेला माणूस शेजारी बसला की तो भाग सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं पार्श्वभूमी सांगतो आणि नवख्याचा उत्साह तिथेच मावळतो.

आईबाबा म्हणतात, ही मालिका आम्ही दूरदर्शनवर पाहिली आहे. तीच का ही?

ती वेगळी. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर लागायची ती १९६६ ते १९६९ ची मूळ मालिका, कर्क आणि स्पॉकची. ही १९८७ ते १९९४ मधली, आणि तिचं कथानक मूळ मालिकेनंतर जवळपास शंभर वर्षांनी घडतं. पण ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना मुद्दाम बोलवा. साठी ओलांडलेल्या प्रेक्षकाला हा भाग विशीतल्या प्रेक्षकापेक्षा वेगळ्या जागी लागतो, आणि चर्चेला खरी खोली तिथून येते.

किती वेळ राखून ठेवायचा?

भाग सुमारे ४५ मिनिटांचा आहे, पण दोन तास धरा. पंधरा मिनिटं जमायला, पाऊण तास भाग, पाच मिनिटं शांतता, दहा मिनिटं लिहायला, उरलेला वेळ बोलायला. चहा सुरुवातीलाच देऊन टाका. भाग संपता संपता स्वयंपाकघरातून कपांचा आवाज आला की शेवटच्या प्रसंगाचा परिणाम गेलाच म्हणून समजा.

कुठला वार, कुठली वेळ?

गुरुवार टाळा. वीज दुरुस्तीची आणि पाणी बंदची कामं पुण्यात बहुतेक गुरुवारीच निघतात. पेठेत घर असेल तर गणपतीचे दहा दिवस विसरा, कारण हा भाग बराचसा कुजबुजीच्या आवाजात आहे. पत्र्याचं छप्पर असलेल्या गच्चीवरच्या खोलीत पावसाळ्यात एक शब्द ऐकू येणार नाही. प्रोजेक्टर वापरणार असाल तर मे महिन्यात साडेसातच्या आधी सुरू करू नका. सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि पडदे कितीही ओढले तरी संधिप्रकाश भिंतीवर येतोच. डिसेंबरात साडेसहा चालतं.

चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसतात. टीव्ही बिघडला आहे का?

नाही. मालिका ४:३ या जुन्या मापात चित्रित झाली आहे. मूळ ३५ मिलिमीटर फिल्म नव्याने स्कॅन करून जी एचडी आवृत्ती काढली, तिच्यातही तेच माप राखलं आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'झूम' केलंत तर चित्राच्या उंचीतला चौथा हिस्सा कापला जातो: वरून कपाळ, खालून हनुवटी, आणि बऱ्याचदा सबटायटलही. 'स्ट्रेच' केलंत तर सगळे चेहरे फुगतात. या भागात वय वाढत जाणाऱ्या चेहऱ्यांवर सारं काही आहे, तेव्हा पट्टे राहू द्या.

प्रोजेक्टरवाल्यांसाठी हिशेब: १०० इंची रुंद पडद्यावर (साधारण २२१ बाय १२५ सेंटीमीटर) ४:३ चित्र १६६ सेंटीमीटर रुंद येतं. बाजूच्या रिकाम्या भागासमोर खुर्च्या मांडू नका, सगळे मधे बसवा.

आवाज ओठांच्या मागे पडतो.

ब्लूटूथ स्पीकर काढा आणि वायरने जोडा. ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिस्स्याने उशिरा पोचतो. गाण्यात ते कळत नाही, संवादात खटकतं. ब्लूटूथशिवाय इलाज नसेल तर लॅपटॉपवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उघडा. चाचणी भागाच्या पहिल्या दोन मिनिटांवर करा, J किंवा K दाबून पन्नास-पन्नास मिलिसेकंदांनी आवाज पुढे-मागे सरकवता येतो.

सबटायटल लावावेत का?

इंग्रजी सबटायटल जरूर लावा, पण ऐकू न येणाऱ्यांसाठीचे जे वेगळे सबटायटल असतात त्यांत आवाजांची वर्णनंही लिहिलेली असतात. शेवटी काय ऐकू येणार हे तुमच्या कानाआधी डोळ्यांना कळतं. गट पूर्ण ऐकू शकणारा असेल तर साधे निवडा.

घरच्यांसाठी मराठी सबटायटल स्वतः करणारे पुष्कळ जण आहेत. त्यांची फाइल हमखास तीन ठिकाणी अडते. एक, ती यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवलेली नसते, मग देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. दोन, पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावला की अनेक टीव्हींत देवनागरी फॉन्टच नसतो आणि जोडाक्षरं फुटतात, म्हणून लॅपटॉपवरून चालवा. तीन, ओळी लांब होतात. एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं, आणि पडद्यावर किमान दोन सेकंद, इतकं पाळलं तर वाचता वाचता चेहरे सुटत नाहीत. नायकाला 'आयर्न वीव्हर' म्हणतात तिथे 'लोहार' लिहू नका. तो लोखंड विणणारा आहे, आणि तो विचित्रपणा तसाच राहायला हवा.

आणखी काही तयारी?

एक, आणि हीच सगळ्यात जास्त विसरली जाते. ऑनलाइन पाहत असाल तर 'पुढचा भाग आपोआप सुरू करा' ही सोय आधी बंद करा. नाहीतर शेवटचा सूर विरतो ना विरतो तोच चित्र कोपऱ्यात लहान होतं आणि पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू होते. त्या क्षणी रिमोटसाठी होणारी धावपळ सगळ्या संध्याकाळीवर पाणी फिरवते.

हॉल घेऊन, पोस्टर लावून दाखवला तर?

हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. घरातली ओळखीची मंडळी आणि जाहीर कार्यक्रम यांत कायदा फरक करतो. ओटीटीचं घरगुती खातं जाहीर कार्यक्रमासाठी नसतं.

मुलांना दाखवावा का?

हिंसा नाही. मृत्यू आहेत, शांतपणे येणारे. दहा वर्षांपुढच्या मुलांना चालेल, मात्र शेजारी मोठं माणूस हवं.

पाहून झाल्यावर

नक्की काय घडलं ते थोडक्यात सांगाल?

अवकाशात तरंगणारं एक यंत्र पिकार्डच्या मेंदूवर किरण सोडतं आणि तो कोसळतो. जाग येते ती कटान नावाच्या ग्रहावर, रेसिक गावात. तिथे त्याचं नाव केमिन, आणि इलीन त्याची बायको. पाच वर्षं तो परतीचा मार्ग शोधतो, मग त्या घरात रुजतो. मुलगी मेरिबोर, मुलगा बटाई, बासरी, वर्षानुवर्षं वाढत जाणारा दुष्काळ, इलीनचा मृत्यू, नातू. म्हातारपणी त्याला एक यान सोडण्याचा सोहळा पाहायला नेतात आणि तिथे उलगडतं: हे तेच यंत्र. आपला तारा 'नोव्हा' होऊन हजार वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या त्या लोकांनी आपली आठवण जपणारा एक माणूस शोधायला ते पाठवलं होतं. एंटरप्राइजवर तोवर पंचवीसेक मिनिटं झालेली असतात. आयुष्य साधारण चाळीस वर्षांचं धरलं तर एक वर्ष म्हणजे सदतीस-अडतीस सेकंद.

बटाई दोन आहेत का? शेवटी येतो तो कोण?

दोन आहेत. पहिला केमिनचा जिवलग मित्र, दुसरा त्याच्या आठवणीसाठी तेच नाव ठेवलेला मुलगा. शेवटच्या सोहळ्यात तरुण रूपात दिसतो तो मित्र. मोठ्या झालेल्या मुलाची भूमिका पॅट्रिक स्ट्युअर्ट यांचा खरा मुलगा डॅनियल याने केली आहे. हे कळल्यावर तो बापलेकांचा प्रसंग पुन्हा पाहणारे खूप आहेत.

संपल्यावर खोलीत कुणीच बोलत नाही. चर्चा सुरू कशी करायची?

लगेच करू नका. ती शांतता हीच पहिली प्रतिक्रिया आहे. नंतर केलेल्या कुठल्याही समीक्षेपेक्षा ती खरी असते, आणि आमच्या मते एकत्र पाहण्याचं सगळं मोल त्या पाच मिनिटांत आहे. दिवा लावताना ट्यूबलाइट नको, कोपऱ्यातला पिवळा दिवा लावा.

मग चिठ्ठ्या वाटा. ए-फोर कागदाचे चार तुकडे, माणशी एक, सोबत पेन्सिल. नाव लिहायचं नाही. प्रश्न तीनच:

कुठल्या क्षणी पडद्यावरून नजर काढावीशी वाटली? कुठली वस्तू आठवते? भाग कुणावर अन्याय करतो असं वाटलं?

दहात किती गुण, हा प्रश्न विचारू नका. सगळे आठ किंवा नऊ देतात आणि बोलायला काही उरत नाही. 'आवडला का' तर मुळीच नको. चिठ्ठ्या डब्यात गोळा करून एकाने मोठ्याने वाचायच्या, आणि त्यानंतर तोंड उघडायचं. क्रम का महत्त्वाचा? सगळ्यात जाणकार माणूस पहिला बोलला की बाकीचे त्याच्या वाक्याला मान डोलावतात. नवख्याच्या मनात आलेली वेगळी गोष्ट तिथेच विरून जाते. चिठ्ठीवर ती आधीच उतरलेली असते.

रडू आवरलं नाही असं लिहिणारे असतात, तसेच काही वाटलं नाही असं लिहिणारेही असतात. दुसऱ्या चिठ्ठीवर हसू देऊ नका. पुढच्या वेळी तो माणूस खोटं लिहील.

'वस्तू' म्हटलं की सगळे बासरी लिहितात का?

बरेच जण बासरीच लिहितात. पण मराठी घरांतून 'चपला' किंवा 'बूट' हे उत्तरही हटकून येतं, आणि ते फार नेमकं आहे. इलीन नवऱ्याला पायताण जागेवर ठेव म्हणून सांगत असते. दारात आडव्यातिडव्या पडलेल्या चपलांवरून आपल्या घरी होतं तसंच. पुढे ती अंथरुणावर आहे, श्वास मंद झालेला, केमिन धावत तिच्याजवळ येतो. काहीतरी मोठं, अखेरचं बोलेल असं वाटत असताना ती तेच सांगते, चपला जागेवर ठेव. तो म्हणतो, ठेवीन. लग्नाची तीस-चाळीस वर्षं एका घरगुती कटकटीत मावतात हे लेखकांना कळलं होतं. हा भाग मॉर्गन जेंडेल यांच्या कथेवर त्यांनी आणि पीटर ॲलन फील्ड्स यांनी लिहिला.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा गावातल्या रोपट्याकडेही लक्ष द्या. पाण्याचा प्रत्येक थेंब मोलाचा असताना गाव ते झाड जगवतं. आठवड्यातून एक दिवस पाणी बंद असलं की आपल्याकडे बादल्या भरायची जी गडबड होते, ती जगणाऱ्या माणसाला त्या पाण्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

पण हे पिकार्डच्या संमतीशिवाय झालं. हा अन्यायच नाही का?

या भागावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप हाच, आणि तो उडवून लावू नये. कुणाला न विचारता त्याच्या डोक्यात बायको, मुलं, त्यांचे मृत्यू घालायचे, मग ते सगळं काढून घ्यायचं. रेसिकच्या लोकांकडे विचारायची सोय नव्हती हे खरं. पण सोय नव्हती म्हणून हक्क मिळतो, असं होत नाही. यानावरची मंडळी मधेच किरण तोडायचा प्रयत्न करतात तेव्हा पिकार्डचा जीव जायची वेळ येते, म्हणजे यंत्र बनवणाऱ्यांनी सुटकेची वाटही ठेवली नव्हती. आम्हाला भाग मनापासून आवडतो आणि तरीही हा आक्षेप बरोबर वाटतो. दोन्ही गोष्टी एका खोलीत राहू शकतात. चर्चा करताना 'तुला कळलंच नाही' या वाक्याने हा मुद्दा कुणी बंद करत असेल तर थांबवा.

चाळीस वर्षं जगून आला आणि पुढच्या आठवड्यात नेहमीसारखा कामाला? पटत नाही.

चाहत्यांची ही तक्रार १९९२ पासूनची आहे. त्या काळी अशा मालिकांचा प्रत्येक भाग स्वतंत्र असायचा. भाग कुठल्याही क्रमाने पुन्हा दाखवता यावेत म्हणून शेवटी सगळं होतं तिथे आणून ठेवायचं, अशी रीत होती. आजच्या सलग कथेच्या सवयीने पाहिलं तर ते खटकतंच. तरी इथे धागा पूर्ण सोडलेला नाही. सहाव्या पर्वातल्या 'लेसन्स' या भागात (१९९३) ती बासरी आणि तिच्यामागचं ओझं दोन्ही परत येतात.

सूर्यासारखा तारा असा 'नोव्हा' होतो का?

होत नाही. विज्ञानाची आवड असलेले पुणेकर इथे हमखास अडतात, आणि शहरात आयुकासारखी खगोलशास्त्राची संस्था असताना ते साहजिकच आहे. नवतारा (नोव्हा) व्हायला श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा, आणि त्याचा जोडीदार तारा लागतो. जोडीदाराकडून ओढलेला हायड्रोजन श्वेत बटूच्या पृष्ठभागावर साचतो आणि एकदम पेटतो. सूर्यासारखा एकटा तारा शेवटी फुगत जाऊन तांबडा राक्षसी तारा बनतो. त्याचं तेज वाढतं ते शंभर कोटी वर्षांत साधारण दहा टक्के, इतकं सावकाश. एका माणसाच्या आयुष्यात जमीन करपेल अशी वाढ त्यातून मिळत नाही. म्हणजे भागातलं खगोलशास्त्र कच्चं आहे. मेरिबोर माती तपासून मोठ्यांआधी सत्य ओळखते, आणि सत्ताधारी ते माहीत असूनही लोकांपासून लपवतात, हा भाग मात्र चोख जमला आहे.

केमिन हवेतून पाणी काढायचं यंत्र सुचवतो. ते चाललं असतं का?

तत्त्वतः हो, पण दुष्काळात ते सर्वांत कमी उपयोगी पडतं. पुण्यातलेच आकडे घ्या. एप्रिलमधली दुपार, तापमान ३८ अंश, आर्द्रता १५ टक्के. एक घनमीटर हवेत बाष्प असतं साधारण ७ ग्रॅम, आणि ते दवाच्या रूपात सुटायला हवा ७ अंशांपर्यंत थंड करावी लागते. आणखी खाली, २ अंशांपर्यंत नेली तरी घनमीटरमागे हाती लागतं जेमतेम २ ग्रॅम. एक लिटरसाठी दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच अशा पंधरा खोल्यांतली हवा गार करावी लागेल. जुलैत, २५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला, त्याच घनमीटरमध्ये जवळपास २० ग्रॅम असतात आणि दव २२ अंशांच्या आसपासच सुटू लागतं. गरज नसते तेव्हा पाणी भरपूर, गरज असते तेव्हा विजेचा खर्च डोईजड. रेसिकचे अधिकारी ती योजना टाळतात तेव्हा त्यांचा हेतू दुसरा असतो, पण आकडे त्यांच्याच बाजूचे होते.

असा आठवणींचा संदेश खरोखर कुणी पाठवला आहे का?

आपणच. १९७७ मध्ये सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तिच्यात ५५ भाषांतली अभिवादनं आहेत, त्यांत मराठीही. आणि संगीतात केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो', भैरवी, साडेतीन मिनिटांची. मैफल संपवायचा राग तिथे गेला आहे. पिकार्डच्या हाती बासरी येते तो प्रसंग पाहून झाल्यावर हे ध्वनिमुद्रण ऐकवा. वेगळं भाष्य करावं लागत नाही.

शेवटची धून आपल्या बासरीवर वाजते का?

वाजते. सूर जे चॅटवे यांनी रचले आहेत, रचना साधी आहे आणि सहा छिद्रांच्या वाद्यावर बसते. अडचण वेगळीच येते: शिकलेला वादक हात सैल सोडून मींड आणि मुरक्या घालतो आणि धून आपली वाटू लागते, पण त्यांची राहत नाही. मूळ फुंक सरळ, जवळजवळ नवशिक्याची आहे, कारण केमिन हा हौसेने शिकलेला गावकरी आहे. स्वर सुटे ठेवा, लय सावकाश, आणि ओळीच्या शेवटी श्वास ऐकू आला तरी लपवू नका.

चित्रीकरणातली बासरी मात्र वाजत नाही, ती नुसती दिसण्यापुरती होती. २००६ च्या लिलावात तिला ४८ हजार डॉलर मिळाले.

हा भाग इतका नावाजला गेला का?

विज्ञानकथांसाठीचा १९९३ चा ह्यूगो पुरस्कार त्याला मिळाला. स्पर्धेत मोठे चित्रपट होते. मालिकेच्या एखाद्या भागाला हा मान त्याआधी मिळाला होता तो १९६८ मध्ये, तोही मूळ 'स्टार ट्रेक'च्याच.

व्हॉट्सॲप ग्रुपवर शेवट फुटू नये म्हणून काय करावं?

मेसेजच्या पहिल्या ओळीत 'इनर लाइट, शेवटाबद्दल' एवढंच लिहा, मग पाच-सहा ओळी रिकाम्या सोडून मजकूर. 'स्पॉयलर आहे' असं लिहून लगेच पुढे शेवट सांगणाऱ्यांचा घोळ असा होतो की लॉक स्क्रीनवर पहिल्या दोन-तीन ओळी आपोआप दिसतात. बासरीचा फोटो ग्रुपचा डीपी म्हणून ठेवू नका. आणि 'शेवट पाहून रडशील' हेही सांगू नका. ज्याला ते सांगितलं जातं तो पूर्ण वेळ स्वतःच्या डोळ्यांवर पहारा देत बसतो.

याच्यानंतर काय पाहावं?

त्या रात्री काहीच नको. क्रमाने पुढचा भाग 'टाइम्स ॲरो' हा पर्वाचा शेवट आहे, धावपळीचा, आणि तो लगेच लावला तर आधीचं पुसलं जातं. आठवड्याने 'लेसन्स' पाहा. तोवर चिठ्ठ्यांचा डबा जपून ठेवा, 'लेसन्स' झाल्यावर त्याच चिठ्ठ्या पुन्हा वाचायच्या आहेत.